जुन्या लॅपटॉपची झाडाझडती, लिनक्सच्या टर्मिनलवरून

विंडोज १०चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरना विंडोज ११ दारातही उभं करत नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले, वरून धडधाकट दिसणारे असे लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत मांडलेले दिसतात, आणि लिनक्स टाकून वापरायला ते बरेचदा उत्तम असतात. घेणारा मात्र काय बघतो? स्क्रीनवर डाग नाही ना, कीबोर्डची बटणं नीट दबतात ना, रॅम आठ जीबी आहे की सोळा, आणि चालू व्हायला किती वेळ लागतो. मशीन तासभर राबलं तर काय होईल, हे यातली एकही गोष्ट सांगत नाही. सोबत एखादा जाणकार मित्र असेल तर तो टर्मिनल उघडून स्ट्रेस टेस्ट लावतो. दहा मिनिटं पंखा घोंघावतो, मशीन अडकत नाही, आणि 'ओके आहे, घे' असा निकाल लागतो. माझ्या मते हा निकाल जवळजवळ निरर्थक आहे. मशीन बंद पडलं नाही एवढ्यावरून ते बरोबर काम करत होतं असं ठरत नाही. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं काम द्यायचं, आलेलं उत्तर पडताळायचं, आणि तेवढ्या वेळात वेग आणि तापमान कुठे जातं ते टिपून ठेवायचं. हे सगळं एकत्र झालं तर ती चाचणी, नाहीतर नुसतं वीज जाळणं.

उत्तर पडताळण्यावर एवढा भर का, हे फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१मध्ये मांडलेल्या एका प्रकरणातून कळतं. त्यांच्या डेटा सेंटरमध्ये काही फाइली उघडताना अधूनमधून गहाळ होत होत्या. कुठे एरर नाही, मशीन बंद पडलेलं नाही, लॉग स्वच्छ. शोध घेत घेत ते एका मशीनच्या ५९ क्रमांकाच्या कोअरपर्यंत पोचले. त्या कोअरला १.१चा ५३वा घात काढून त्याचा पूर्णांक विचारला की उत्तर यायला हवं १५६. तो बिनदिक्कत शून्य सांगत होता. ५२वा घात विचारला तर १४२ हे उत्तर बरोबर देत होता. फाइल उघडण्याआधी तिचा आकार अशाच गणितातून काढला जात होता, आणि आकार शून्य आला की ती फाइल रिकामी आहे असं समजून प्रोग्राम पुढे सरकत होता. अशा कोअरवर तुम्ही दिवसभर भार टाकलात तरी तो थकणार नाही, तापणार नाही, अडकणार नाही. तो फक्त चुकेल. मेमरीची गोष्ट वेगळी नाही. गूगलच्या सर्व्हरमधल्या मेमरीचा मोठा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांवर दुरुस्त करता येण्याजोग्या चुका नोंदल्या गेल्या होत्या. सर्व्हरमध्ये त्या चुका पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते, म्हणून त्या मोजता तरी आल्या. आपल्या लॅपटॉपमध्ये सहसा ती नसते. तिथे बदललेला बिट सरळ फोटोत, हिशेबाच्या फाइलीत किंवा बॅकअपमध्ये जाऊन बसतो.

आता हत्यारांकडे वळू. (कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थात रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि त्यांचे पर्याय मॅन या कमांडने नेमके दिसतात.) सगळ्यात गरिबाघरचा उपाय म्हणजे यस ही कमांड शून्यात, म्हणजे डेव्ह-नल्लमध्ये, वळवून जितके कोअर तितक्या वेळा चालवणं. टॉपमध्ये सगळे कोअर शंभर टक्के दिसतात आणि माणूस खूश होतो. पण शंभर टक्क्यांचा अर्थ एवढाच, की कोअरला उसंत नाही. त्याच्या आतले किती भाग कामाला लागले हे तो आकडा सांगत नाही. 'य' हे अक्षर पुन्हा पुन्हा छापणारा प्रोसेसर आणि दशांशांच्या मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार करणारा प्रोसेसर टॉपमध्ये सारखेच दिसतात. प्रत्यक्षात विजेच्या खपात आणि तापमानात त्यांच्यात बरंच अंतर पडतं. जानेवारी २०१६मध्ये इंटेलच्या स्कायलेक पिढीतला एक दोष उघड झाला, तो प्रचंड मूळ संख्या शोधणाऱ्या प्राइम-९५ या प्रोग्रामच्या वापरकर्त्यांमुळे. विशिष्ट प्रकारच्या गणनेतच मशीन गोठत होतं, बाकी सगळं सुरळीत. इंटेलने दोष मान्य केला आणि बायोसच्या अपडेटमधून तो दुरुस्त झाला. भार किती, यापेक्षा भार कसला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो तो यामुळे.

म्हणून स्ट्रेस-एनजी वापरा. स्ट्रेस नावाचं जुनं साधं साधन आहेच, पण कॉलिन इयान किंग यांनी उबुंटूसाठी काम करताना लिहायला घेतलेल्या या नव्या साधनात ताण देण्याचे शेकडो प्रकार आहेत. उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा सगळ्या प्रचलित लिनक्समध्ये ते पॅकेज म्हणून मिळतं. लॅपटॉपवर अजून लिनक्स बसवलं नसेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह सत्र सुरू करून, नेट जोडून, त्या सत्रापुरतं बसवता येतं. सीपीयू हा पर्याय शून्य या आकड्यासह दिला की ते सगळ्या कोअरवर एकेक कामगार बसवतं. सीपीयू-मेथड या पर्यायाला मॅट्रिक्सप्रॉड दिलं तर प्रोसेसर सगळ्यात जास्त तापतो, असं खुद्द त्याच्या मॅन पानावर लिहिलेलं आहे. ऑल दिलं तर ते गणिताचे सगळे प्रकार आळीपाळीने फिरवतं. दोन्ही करा: पंधरा-वीस मिनिटं मॅट्रिक्सप्रॉड, मग अर्धा तास ऑल. टाइमआउट आठवणीने द्या, नाहीतर ते एक दिवस चालत राहील. आणि ज्या पर्यायाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं तो व्हेरिफाय अजिबात विसरू नका. तो दिला तरच, जिथे सोय आहे तिथे, गणिताचं उत्तर आणि मेमरीतला मजकूर पडताळला जातो. सगळं संपल्यावर डॉलर आणि प्रश्नचिन्ह एको करून परतीचा कोड बघा. शून्य आला तर ठीक. दोन आला तर एखाद्या कामगाराचं काम फसलेलं आहे. शेवटी छापल्या जाणाऱ्या बोगो ऑप्सच्या आकड्यावर मात्र जीव लावू नका. त्याच्या कर्त्यानेच तो अचूक तुलनेसाठी नाही असं बजावून ठेवलं आहे, तरी लोक दोन लॅपटॉपचे आकडे शेजारी ठेवून भांडतातच.

हे चालू असताना दुसऱ्या खिडकीत निरीक्षण चालू हवं. एलएम-सेन्सर्स बसवून वॉचबरोबर सेन्सर्स ही कमांड चालवली की दर दोन सेकंदांनी तापमान दिसतं. इंटेलच्या मशीनवर टर्बोस्टॅट त्याच्या जोडीला प्रत्येक कोअरचा खरा वेग आणि प्रोसेसर किती वॅट ओढतोय तेही दाखवतो. तिसऱ्या खिडकीत डी-मेसेज वाहता ठेवा, म्हणजे कर्नलची कुरकुर त्याच क्षणी दिसेल. आता आकडे वाचायचे कसे? जुन्या ऑफिस लॅपटॉपमध्ये नेहमी भेटणारा आय-५ ८२५०यू घ्या. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.४ आणि विजेची मर्यादा १५ वॅट. ताण सुरू होताच वेग उसळी घेतो, काही सेकंदांनी वॅटची मर्यादा लागू होते आणि तो खाली येऊन मधे कुठेतरी स्थिरावतो. हे पाहून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. त्याची रचनाच तशी आहे. तक्रारीची जागा वेगळी आहे. वेग मूळ १.६च्याही खाली घसरला, वॅट १५पर्यंत पोचतच नाहीत आणि तापमान मात्र शंभर अंशांच्या घरात, तर उष्णता बाहेर पडत नाही: पंख्यात धूळ आहे, पंखा मेला आहे किंवा थर्मल पेस्ट वाळून गेली आहे. तापमान साठच्या आसपास असूनही वेग ८०० मेगाहर्ट्झवर अडकला असेल तर आधी चार्जर बघा. काही लॅपटॉप ओळखू न आलेल्या चार्जरवर स्वतःला मुद्दाम मंद करून घेतात, आणि जुन्या मालाबरोबर मूळ चार्जर मिळेलच असं नाही.

तापमानाचा आकडा खोलीच्या तापमानासकट लिहायचा असतो, हे आपल्याकडे तर विसरून चालणारच नाही. तेवढेच वॅट ओढले जात असतील तर चिप आजूबाजूच्या हवेपेक्षा साधारण तेवढ्याच अंशांनी गरम राहते. एसी लावलेल्या दुकानात हवा २५ अंश असताना चिप ८२वर स्थिरावली, तर हवेपेक्षा ती ५७ अंशांनी वर आहे. तोच लॅपटॉप मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या बंद खोलीत ४३ अंशांत चालवला तर हिशेब शंभरावर जातो, आणि बऱ्याच इंटेल लॅपटॉप चिपांची मर्यादा तिथेच आहे. तिथून पुढे प्रोसेसर स्वतःला आवरायला लागतो. त्याने किती वेळा आवरलं याची मोजदाद कर्नल ठेवतो. इंटेलच्या मशीनवर सिस फोल्डरमध्ये प्रत्येक सीपीयूखाली थर्मल-थ्रॉटल असा कप्पा असतो, त्यातला कोअर-थ्रॉटल-काउंट चाचणीआधी आणि नंतर कॅट करून बघा. हिवाळ्यात पुण्यात उत्तीर्ण झालेला लॅपटॉप विदर्भातल्या उन्हाळ्यासाठीही उत्तीर्ण झाला, असं त्यामुळेच धरता येत नाही.

मेमरीसाठी स्ट्रेस-एनजीचा व्हीएम हा प्रकार आहे. एक-दोन कामगार, व्हीएम-बाइट्सला ७५ टक्के आणि सोबत व्हेरिफाय, एवढं पुरतं. शंभर टक्क्यांचा मोह आवरा, कारण मग कर्नलचा ओओएम किलर जागा होतो आणि मेमरी मोकळी करायला काहीतरी मारतो. डी-मेसेजमध्ये आउट ऑफ मेमरी दिसलं म्हणजे रॅम खराब, हा गैरसमज मी पुष्कळ ठिकाणी वाचला आहे. ती रॅमची चूक नसते, मागणी जास्त झालेली असते. नुसती रॅमच तपासायची तर मेमटेस्टर अधिक नेमका आहे. आठ जीबीच्या मशीनवर सुडोने पाच जीबी आणि तीन फेऱ्या सांगा. तो तेवढी जागा कुलूप लावून धरतो, म्हणजे ती स्वॅपमध्ये जात नाही, आणि तीत ठरावीक नमुने लिहून परत वाचतो. एक अडचण उरतेच. चालू लिनक्स स्वतः ज्या जागेत बसलेलं आहे ती जागा त्याला तपासता येत नाही, आणि खराब सेल नेमकी तिथेच असू शकते. त्यासाठी मेमटेस्ट-८६-प्लस पेनड्राइव्हवरून थेट बूट करावा लागतो. सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही चालतो. रात्री लावून झोपा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती पट्टी नापास. 'एवढ्या अब्जावधी सेलमध्ये एकच ना' हा युक्तिवाद इथे करायचा नसतो, कारण त्या एका पत्त्यावर उद्या काय साठवलं जाईल हे तुमच्या हातात नाही.

डिस्कच्या बाबतीत क्रम उलटा ठेवा: आधी विचारा, मग ताण द्या. स्मार्टसीटीएल ही कमांड डिस्कची स्वतःची डायरी उघडून दाखवते. फिरत्या डिस्कवर तीन नोंदी बघा. क्रमांक ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले सेक्टर, आणि १९९ म्हणजे केबलवर झालेल्या चुका. १९७ शून्याहून जास्त असेल तर डिस्कवर भरवसा ठेवू नका. १९९ वाढत असेल तर आधी केबल किंवा जोडणी बघा, डिस्क कदाचित निर्दोष असेल. एनव्हीएमई एसएसडीवर पर्सेंटेज-यूज्ड आणि मीडिया एरर हे दोन आकडे पुरेसे बोलके असतात. मग स्मार्टसीटीएललाच लाँग चाचणी सांगा. ती डिस्क आतल्या आत करते. लिहून-वाचून पडताळायचं असेल तर एफआयओ वापरा. लिनक्स कर्नलचा ब्लॉक लेयर सांभाळणाऱ्या येन्स आक्सबो यांचंच ते साधन. त्याला डायरेक्ट एक आणि व्हेरिफाय सीआरसी-३२-सी असे पर्याय द्या. डायरेक्ट का? नाहीतर तुम्ही लिहिलेली दोन जीबीची फाइल रॅमच्या कॅशमधूनच परत वाचली जाते आणि तुम्ही डिस्कच्या नावाखाली पुन्हा रॅमच तपासत बसता. डीडीने शून्यं लिहून वेग मोजणाऱ्यांचीही बहुतेकदा अशीच फसगत होते. आणि एक सक्त सूचना: एफआयओला नेहमी फाइलचं नाव द्या, डिस्कचं नाही. लिहिण्याचा प्रकार निवडून डेव्हमधल्या डिस्कचं नाव दिलंत तर तिच्यावरचा सगळा मजकूर विचारपूस न करता पुसला जाईल. बॅडब्लॉक्सला डब्ल्यू दिल्यावरही तेच होतं. मजकूर राखून तपासायचं तर एन आहे. बाजारातून स्वस्तात घेतलेल्या पेनड्राइव्ह आणि कार्डांसाठी एफ-थ्री नावाचं छोटं साधन आहे. ते सांगितलेली सगळी जागा भरून परत वाचतं आणि १२८ जीबीचं लेबल लावलेल्या मालात खरे किती जीबी आहेत ते उघडं पाडतं.

ग्राफिक्ससाठी जीएलमार्क-२ आणि नेटवर्कसाठी आयपर्फ-३ आहेत. घरगुती लॅपटॉपसाठी दोन्हींवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. बॅटरीवर मात्र घालवा. ताण चालू असताना चार्जर काढा. म्हातारी बॅटरी रिकाम्या डेस्कटॉपवर दोन तास दाखवते आणि भार येताच ४० टक्क्यांवरून झटक्यात मशीन बंद करते. यू-पॉवर या कमांडने बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात, पण भाराखाली ती टिकते का, हे चार्जर काढल्याशिवाय कळत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की चांगल्या मशीनला उगाच कशाला छळायचं, त्यानेच ते बिघडेल. हा आक्षेप अडाणीपणाचा नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे कायमचे खराब होत होते. २०२४मध्ये कंपनीने ते मान्य केलं, मायक्रोकोड बदलला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेली चिप त्या बदलाने सुधारत नाही, हेही सांगितलं. म्हणजे सिलिकॉन झिजतं हे खरं. पण त्याच प्रकरणाचा तपशील आक्षेपाच्या उलट बाजूला जातो. इंटेलच्या म्हणण्यानुसार जास्तीचं व्होल्टेज विशेषतः मशीन निवांत किंवा हलक्या कामात असताना मागितलं जात होतं. आपण इथे करतोय ती अर्ध्या-पाऊण तासाची चाचणी, तीही कारखान्याने ठरवलेल्या वॅट आणि तापमानाच्या मर्यादांत. मर्यादा गाठली की प्रोसेसर मंद होतो, तरीही तापला तर स्वतःला बंद करतो. ओव्हरक्लॉक केलेल्या किंवा त्या मर्यादा बायोसमध्ये उठवलेल्या मशीनला हे लागू नाही. चोवीस तासांची 'बर्न-इन' मी लॅपटॉपला सुचवणार नाही, कारण तापमान वीसेक मिनिटांत स्थिरावतं आणि पुढच्या तासांत नवीन माहिती फारशी मिळत नाही. एसएसडीच्या झिजेचा हिशेबही करून बघा. ५०० जीबीच्या सॅमसंग ९७० इव्हो प्लसला कंपनी ३०० टेराबाइट लेखनाची हमी देते. ५० जीबीची एक चाचणी म्हणजे त्यातला सहा हजारावा भाग. दुसऱ्याच्या मशीनवर मात्र हा खेळ करू नका. ऑफिसचा चालू सर्व्हर किंवा भाड्याने घेतलेला सामायिक व्हीपीएस ताणलात तर शेजाऱ्यांचं काम अडतं आणि हार्डवेअरबद्दल तुम्हाला काहीच कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. रोजच्या वापरात कोणी सगळे कोअर तासभर राबवत नाही, मग अशा चाचणीत पास काय आणि नापास काय? अर्धं उत्तर सोपं आहे. तासभराचा व्हिडिओ कॉल, सिस्टिमचा मोठा अपडेट, फोटोंचा बॅकअप एकाच वेळी चालू असतात तेव्हा दहा मिनिटांचा पूर्ण भार येतोच, आणि बॅकअप बिघडायला तेवढा पुरतो. उरलेलं अर्धं उत्तर असं, की पास आणि नापास यांचं वजन सारखं नसतं. पडताळणीत एक चूक सापडली, डी-मेसेजमध्ये मशीन-चेकखाली हार्डवेअर एरर अशी ओळ आली, तर दोष आहे, वाद संपला. चूक सापडली नाही तर एवढंच म्हणता येतं, की या गणितांत, या तापमानाला, एवढ्या वेळात ती दिसली नाही. फेसबुकचा तो कोअर ५२व्या घाताच्या परीक्षेत पास झाला होता. म्हणून एकाच प्रकारावर तास घालवण्यापेक्षा वेगवेगळी गणितं फिरवणं फायद्याचं ठरतं, आणि संशय असेल तर टास्कसेटने काम एकेका कोअरला बांधून पुन्हा चालवणंही.

चाचणी दुकानाच्या काउंटरवर उरकू नका. दुकानदार जेवढ्या दिवसांची हमी देतो त्या दिवसांत घरी करा आणि नोंद ठेवा. स्ट्रेस-एनजीला लॉग-फाइल हा पर्याय आहे, सेन्सर्सचं आणि डी-मेसेजचं आउटपुट टी या कमांडने फाइलीत टाकता येतं. वर तारीख, खोलीचं तापमान आणि कोणता चार्जर लावला होता ते लिहा. मग निकालानुसार वागा. नुसतं तापत असेल आणि उत्तरं बरोबर असतील तर लॅपटॉप परत करू नका, त्याच किमतीत पंख्याची सफाई आणि नवी थर्मल पेस्ट मागून घ्या आणि तीच चाचणी पुन्हा चालवून दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. मेमरीत चूक आली तर पट्टी काढून दुसऱ्या खाचेत लावा: चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी बदलून मागा, खाचेत राहिली तर मदरबोर्ड गेला आहे. रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर हा पर्याय नसतो, आणि अशा लॅपटॉपवर मेमटेस्टची एकच लाल ओळ आली तरी घासाघीस न करता तो परत द्यावा. पडताळणी थंड मशीनवरही फसत असेल तर पेस्ट-पंख्यावर पैसे घालू नका. बायोस अद्ययावत करून एकदा पुन्हा चालवा, आणि कोड तरीही दोनच आला तर लॉग दाखवून पैसे परत मागा.